वरचीनं धरलेला गुडघा

वडिवळ्याच्या धरणाच्या वर, डोंगराच्या कडेला जी वाडी आहे, तिथं एका कोंबड्याला कुणी हुसकत नसे. तो वाळत घातलेल्या भातात शिरला, कुणाच्या ओसरीवर चढला, धुतलेल्या गोधडीवर घाण करून गेला, तरी बायका तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या आणि पदर सावरून बाजूला व्हायच्या. कुत्री त्याच्यावर भुंकत नसत. दिवस मावळला की तो डालग्याखाली न जाता उंबराच्या फांदीवर बसे, आणि इतक्या वर्षांत रानमांजरानं त्याला नेलं नव्हतं. तो देवीला सोडलेला कोंबडा होता. देवीला नाव आहे, पण वाडीत ते कुणी घेत नाही. नुसतं 'वरची' म्हणतात, आणि म्हणताना डोंगराकडं बघायचं टाळतात.

कोंबडा सोडला होता सावित्राबाईनं. आता सावित्राबाई म्हणजे ऊठसूट देवाला साकडं घालणारी बाई, असं कुणी समजू नये. नवरा गेणू तरणाताठा गेला, तेव्हापासून तिनं एकटीनं पोरगा वाढवला. उन्हाळ्यात करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन ती लोणावळ्याला जायची. गाडीची काच खाली करून कुणी "गोड आहेत ना?" असं दहादा विचारलं, की म्हणायची, "लगीन लावायचंय का त्येंच्याशी? खाऊन बगा की!" पावसाळ्यात खालच्या गावात भाताच्या लावणीला जायची, आणि खाचराच्या मालकिणीशी, बयाबाईशी, रोज भांडून रोज तिच्याच घरचा चहा प्यायची. जिभेला हाड नव्हतं, तसा मनात काही साठाही नव्हता. अशी बाई आयुष्यात एकदाच घाबरली.

नात छकुली तान्ही होती तेव्हा तिच्या छातीत कफ दाटला. तळेगावच्या एका दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पोरीच्या अंगाचा रंग बदलत चालला होता, मुलगा करण भिंतीला डोकं टेकून उभा होता, सून आरती बोलायची बंद झाली होती. बाहेर बाकावर बसून सावित्राबाईनं डोळे मिटले आणि ठरवून टाकलं. "पोर जगू दे. कोंबडा दीन. माज्या पायानं चालत वर यीन, आन् तुजं तुला दीन."

पोर जगलं. घरी आल्यावर सावित्राबाईनं चांगला लालबुंद तुऱ्याचा एक तरणा कोंबडा छकुलीवरून ओवाळला, वरचीच्या नावानं सोडला, आणि नवस फिटेपर्यंत कोंबडं तोंडात घालायचं नाही असं ठरवलं. पाऊस उघडला की वर जायचं होतं. पण त्याच लावणीत बयाबाईच्या बांधावरून तिचा पाय घसरला, उजवा गुडघा पिळवटला, आणि तो पुन्हा कधी धड झालाच नाही. दोन वर्षांत ती एक पाऊल पुरं टाकायला आणि दुसरं ओढायला लागली. वरचीच्या वाटेचा पहिला चढसुद्धा तिला जमेना.

करण म्हणाला, "आये, मी नेऊन देतो की."

"तू बोलला व्हतास का?" तिनं विचारलं.

विषय तिथंच संपला. ज्याच्या तोंडून शब्द गेला त्याच्याच पायांनी तो फेडायचा, हा वाडीचा न्याय, आणि तो करणलाही ठाऊक होता.

मग सावित्राबाईनं आपल्या मनाशी एक हिशेब जुळवला, आणि हा हिशेब तिनं कुणाला सांगितला नाही. वरचीचं देणं थकलंय, म्हणून तिनं माझा गुडघा धरून ठेवलाय. गुडघा तिच्या हातात आहे तोवर ती पोरीला हात लावणार नाही. एकदा हे मनात बसल्यावर दुखण्याचा धाक गेला. उलट गुडघा ज्या दिवशी जास्त ठणके, त्या दिवशी सावित्राबाई खुशीत असे. आरती गोळ्या आणायची, त्या ती कुडाच्या भिंतीत खुपसून ठेवायची. शहाण्या माणसांना हसायचं असेल तर त्यांनी खुशाल हसावं. नऊ वर्षं पोरगी सर्दीनंसुद्धा आजारी पडली नव्हती.

घोर होता तो कोंबड्याचा. कोंबडा म्हातारा झाला होता. पिसं विरली होती, नख्या वळल्या होत्या, फांदीवर चढताना दोनदा खाली यायचा. तो मेला तर देणं राहणार, आणि द्यायला काहीच उरणार नाही. दुसरा कोंबडा चालत नाही, कारण ओवाळला होता तो हाच. म्हणून आरती जेव्हा म्हणाली, की ती साफसफाईला जाते त्या कामशेतच्या दवाखान्यात गुडघ्यांचं शिबिर आहे, तेव्हा सासूबाई पहिल्यांदाच भांडल्या नाहीत.

डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरून पाहिला. "आजी, सांध्यातलं वंगण आटलंय. इंजेक्शन देतो. हायल्युरॉनिक ॲसिड म्हणतात त्याला. आपल्या सांध्यात असतंच ते." मग आरतीकडं वळून त्यांनी नीट समजावलं. या पदार्थाच्या लांबच लांब साखळ्या असतात. जड साखळ्यांचं औषध सांध्यात गादीसारखं बसून राहतं. हे हलक्या रेणूंचं आहे, म्हणजे साखळ्या आखूड, औषध पातळ. ते सांध्याच्या आतल्या अस्तरात मुरतं आणि ठणका शांत करतं. आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, आणि आला तरी सहा महिन्यांच्या आसपास उतरतो. झिजलेला गुडघा काही नवा होत नाही.

"मला नवा नगं," सावित्राबाई म्हणाली. "एकडाव वर जाऊन येण्यापुरता द्या."

डॉक्टर हसले. सुई भरता भरता त्यांनी विचारलं, "अंडी, कोंबडी खाल्ल्यावर अंगावर काही उठत नाही ना?"

"कोंबडं म्या शिवत न्हाई. नवस हाय."

"मग तर प्रश्नच मिटला," असं म्हणून त्यांनी सुई टोचली.

तिसऱ्या इंजेक्शननंतर नर्स समीक्षा कापूस दाबून बसली होती. पोरगी बोलकी. सावित्राबाईनं सहज विचारलं, की गुडघ्याच्या सुईला कोंबडीची चौकशी कशाला लागते. समीक्षा म्हणाली, "मावशी, हे औषध कोंबड्याच्या तुऱ्यातनं काढतात ना. तुरा असतो ना लाल, त्यात हे खूप असतं. म्हणून विचारावं लागतं." तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती उठून गेली.

सावित्राबाई बाकावर तशीच बसून राहिली. कापूस खाली पडला तरी तिला कळलं नाही. देवीच्या ताटातलं देवीच्या आधी कुणी खायचं नसतं, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि इथं तिनं नवस फेडायच्या आधी कोंबड्याचा तुरा अंगात भरून घेतला होता, तोही तीन वेळा.

ती घरी आली तेव्हा कोंबडा उंबराखाली उभा होता. त्याचा तुरा एका अंगाला कलंडला होता आणि टोकाकडून पांढरा पडत चालला होता.

गुण मात्र आला. आठ-पंधरा दिवसांत सावित्राबाई झऱ्यावर हंडा भरायला खाली बसली आणि उठून उभी राहिल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण कशालाही न धरता उठलो. तिनं गुडघा दाबून पाहिला. चापट मारली. आत काहीच नव्हतं. इतक्या वर्षांचं माणूस घरातून न सांगता निघून जावं तसं ते दुखणं गेलं होतं. आरती आनंदानं रडली. सावित्राबाई तिला दाखवायला हसली. वरचीनं धरलेला गुडघा सुटला होता. मग आता तिच्या हातात काय आहे?

उत्तर यायला फार दिवस लागले नाहीत.

कोंबड्याचा तुरा रोज थोडा थोडा सुकत गेला, आणि तो पहाटेचं आरवायचं सोडून दिवेलागणीला आरवायला लागला. त्या वेळचं आरवणं चांगलं नसतं. वाडीतली माणसं दारं ओढून घेऊ लागली. म्हातारा भिकाजी वरचीची पूजा बघतो. सावित्राबाईनं त्याला विचारलं, "आबा, देवाच्या कोंबड्याचा तुरा वाळला तर काय समजायचं?" भिकाजी तंबाखू मळत होता.

"त्याचं रगत दुसरं कुणी घेतलं असंल," तो म्हणाला. "तू वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर पानी घाल. अंग झाडलं तर तिनं घेतला. न्हाई झाडलं तर सुरी वली करू नगं. तितनं पुढचं तिचं ती ठरवंल."

त्याच आठवड्यात छकुली शाळेतून लंगडत आली.

पडली नव्हती, कुणी ढकललं नव्हतं. उजवा गुडघा. ती ओसरीवर बसली, दोन्ही हातांनी गुडघा धरला, मान डावीकडं कलती केली आणि दातांतून श्वास आत ओढला. सावित्राबाई चुलीपुढून बघत होती. मान तशीच कलती करून, तसाच श्वास ओढत ती स्वतः त्याच जागी नऊ वर्षं बसली होती.

"आजी, लय ठणकतंय गं," छकुली म्हणाली. "आतनं धरल्यावानी."

आरतीनं तिला त्याच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो काढला, वाढत्या वयात असं होतं म्हणाले, काही काळजी नाही म्हणाले. त्यांचं खोटं होतं असं नाही. पण सकाळी छकुली अंगणातून चालत गेली, तेव्हा सावित्राबाईनं डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. एक पाऊल पुरं, एक ओढत. पाऊस सरत आला होता, वाट अजून निसरडी होती, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती पाटी घेऊन कोंबड्याला धरायला गेली. सोडल्यापासून त्याला कुणाचा हात लागला नव्हता. पळापळ होईल असं तिला वाटलं होतं. तो फांदीवरून उतरला, चालत आला आणि आपणहून पाटीत बसला. सावित्राबाईनं पाटी उचलून कमरेवर घेतली. तिच्यात कोंबडा आहे की नाही, हे पुन्हा वाकून बघावं लागलं, इतकी ती हलकी लागली.

धुकं असं होतं की पुढचं कारवीचं झुडूप हाताला लागल्यावरच दिसायचं. खालून धरणाच्या पाण्याचा आवाज यायचा, मग तोही बुडाला. गुडघा कुरकुर न करता चढत होता. पहिला चढ संपला आणि सावित्राबाई दम घ्यायला थांबली, तेव्हा तिला मागं पाऊल वाजल्यासारखं वाटलं.

"छकुले?" ती ओरडली. "मागं फीर! आय मारंल!"

कुणी ओ दिली नाही. ती चालू लागली, तसं मागं पुन्हा वाजलं. एक पाऊल पुरं, एक ओढत. ती पटकन वळली. वाट रिकामी होती, तिच्याच पावलांत पाणी साचत होतं. पाटीतला कोंबडा मात्र मान वर करून तिच्या खांद्याच्या मागं काहीतरी बघत होता.

आणखी थोडं चढल्यावर तिला उमगलं. पोरीचं पाऊल असं जड पडत नाही. ही चाल म्हाताऱ्या बाईची होती. खडकावर टेकण्याआधी किंचित थांबणारी, चढावर डाव्या अंगाला झुकणारी. ती तिचीच चाल होती. गुडघ्यातून निघालेलं दुखणं वाट चुकून पोरीत शिरलं होतं, आणि आता सावित्राबाईच्या मागून डोंगर चढत होतं.

दुसरी कुणी असती तर पाटी टाकून पळाली असती. पण पळून जायचं ते खाली, जिथं छकुली आहे. ती वळली नाही. "ये," ती नुसतं म्हणाली. "माज्या मागंच ये. तिच्याकडं जाऊ नगं." आणि ती वरपर्यंत सावकाश चालली, मागचं मागं राहू नये म्हणून.

वरचीचं देऊळ नाही. तीन दगड आहेत, शेंदूर माखलेले, आणि वर उघडं आभाळ. त्या दिवशी आभाळही नव्हतं. सावित्राबाईनं कोंबडा दगडांपुढं उभा केला, हळदकुंकू लावलं, तांब्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर घातलं.

कोंबडा हलला नाही. पाणी त्या पांढऱ्या तुऱ्यावरून, चोचीवरून ओघळलं. एरवी कोंबड्याच्या अंगावर थेंब पडला तरी तो पिसं झाडतो. तिनं पुन्हा पाणी घातलं. तो डोळा न मिटता तिच्याकडं बघत उभा राहिला. मागं पाऊल वाजायचं थांबलं होतं. आता कुणीतरी अगदी जवळ, पाठीशी उभं आहे, एवढंच तिला कळत होतं.

"समाजलं," सावित्राबाई म्हणाली. "त्याच्यात कायबी ऱ्हायलं न्हाई. तुजं जे हाय ते म्या घेतलंय. माज्यात हाय ते."

तिला घरची चूल आठवली, लोणावळ्याचा रस्ता आठवला, छकुलीचा काचेच्या पेटीतला इवला हात आठवला. मग तिनं डोक्यावरचा पदर काढला, तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी आपल्या डोक्यावर ओतलं.

पाणी केसांतून मानेवर आलं, पाठीवर उतरलं. काही झालं नाही. आणि मग टाचेपासून एक शिरशिरी निघाली आणि तिचं सगळं अंग झाडलं गेलं, मान, खांदे, हात, पाण्याचे थेंब दगडांवर उडाले. थंडीनं माणूस कुडकुडतं, ते तिला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. हे एकदाच झालं आणि थांबलं.

कोंबडा वळला. दगडांना वळसा घालून तो धुक्यात चालत गेला. सावित्राबाईनं सुरी धुतली नाही, कारण ती ओली झालीच नव्हती. उठायला म्हणून तिनं हात टेकला आणि उजव्या गुडघ्यात आतून कुणीतरी घट्ट धरावं तशी कळ आली. ओळखीची. सावित्राबाई तिथंच बसून रडली, आणि ते रडणं आनंदाचं होतं.

उतरताना एक पाऊल पुरं, एक ओढत, असा आवाज येत होता. तो तिचा होता. मागं दुसरं कुणी नव्हतं.

वाडीच्या तोंडाशी भिकाजी बसला होता. त्यानं रिकामी पाटी पाहिली, कोरडी सुरी पाहिली, आणि मग तिचे भिजलेले केस पाहिले. तो उठून वाट सोडून उभा राहिला. अंगणात छकुली लंगडी घालत होती, उजव्या पायावर, आणि कुणाला तरी ओरडून आउट करत होती.

दिवाळीनंतर आरतीनं सासूला पुन्हा दवाखान्यात नेलं. समीक्षानं गुडघा बघून तोंड वाकडं केलं. "मावशी, तुमचा गुण फारच लवकर उतरला हो. पुन्हा कोर्स घेऊ या."

"नगं बाई. एकडाव कोंबड्याचा तुरा अंगात घेतला तेवढं बास झालं."

समीक्षा हसायला लागली. "अहो, त्या दिवशी माझं अर्धंच सांगून झालं होतं! पूर्वी काढायचे तुऱ्यातनं. तुम्हांला दिलं त्यात कोंबडा नव्हताच. हल्ली कारखान्यात जंतूंकडून तयार करून घेतात. डॉक्टरसाहेब जुन्या सवयीनं अजून विचारतात सगळ्यांना."

"मंग त्याचा तुरा कुणी नेला?" सावित्राबाईनं विचारलं. समीक्षाला प्रश्नच कळला नाही.

आता भात निघालंय. अंगणाअंगणात ते वाळत घातलंय. परवा सावित्राबाई विचारांच्या नादात शेजारच्या शालनच्या भातातून पाय ओढत सरळ चालत गेली. शालन तोंडाची फटकळ, तिनं शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि कोण आहे ते पाहून मिटलं. मग पदर सावरून बाजूला झाली. सावित्राबाई थांबली. तिनं ओसरीवरच्या कुत्र्याकडं पाहिलं. परक्या पावलाला वाडी डोक्यावर घेणारं ते कुत्रं पुढच्या पायांवर डोकं ठेवून गप्प पडलं होतं.

तेव्हा कुठं तिला कळलं, वाडी आपल्याला किती दिवस झाले वाट देते आहे ते.

शाळा सुटली होती. खालच्या वाटेनं छकुली धावत येत होती, दोन्ही पायांनी सारखी, आणि लांबूनच "आजी!" म्हणून हाका मारत होती. सावित्राबाईनं गुडघा दाबून पाहिला. दुखला. मग ती भातातून बाहेर आली आणि पोरीला घ्यायला पुढं गेली.